शिबिर एका दिवसाचे, वसतिगृह वर्षभराचे

शालेय विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा प्रारंभ भारतात सर्वप्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाला, हे वाक्य आपणांपैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेत सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले आहे. काहींनी ते उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळविले असतील. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत ही तपासणी सुरू झाली. या दोन घटनांचा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. मुलाला घरातून शाळेत आणण्याचा अधिकार जो घेतो, त्याच्याकडे त्या मुलाच्या प्रकृतीची जबाबदारीही आपोआप येते, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे.

दिवसाचे पाच-सहा तास शाळेत घालविणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे तत्त्व लागू असेल, तर जे मूल दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे नऊ-दहा महिने शाळेच्याच छपराखाली राहते, त्याच्या बाबतीत ते किती पटींनी लागू व्हावे? निवासी शाळांतील विद्यार्थ्यांच्या आरोग्यव्यवस्थेविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, ते या प्रश्नापोटी. आपल्या मंडळाच्या एका आवडत्या उपक्रमाविषयी यात थोडे परखड लिहिले जाणार आहे. सुज्ञ वाचक ते आपुलकीनेच घेतील, असा विश्वास आहे.

निवासी शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाचगणी, अबू किंवा डेहराडून येते. वस्तुस्थिती याहून पुष्कळ व्यापक आहे. १९६१ पासून चालू असलेली बालाचडीची सैनिक शाळा, १९८५-८६ पासून देशभर उभी राहिलेली जवाहर नवोदय विद्यालये, १९९७-९८ मध्ये योजनारूपाने आलेल्या एकलव्य शाळा, २००४ पासूनची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, छोटा उदेपूर, नर्मदा आणि तापी या जिल्ह्यांतील आश्रमशाळा, निरनिराळ्या ज्ञातिसंस्थांची छात्रालये आणि अलीकडे शिकवणी वर्गांना जोडून निघालेली वसतिगृहे हा सारा विस्तार ध्यानात घ्यावा लागतो. बडोदे संस्थानाला या बाबतीतही परंपरा आहे. सोनगड येथे धाणका जमातीच्या मुलांसाठी १८८५ च्या सुमारास वसतिगृहे उघडली गेली. ज्या मुलांच्या घरात अक्षरओळख नव्हती, त्यांना राज्याने आपल्या आश्रयाखाली घेतले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आता आपल्या शिबिरांकडे वळतो. जुलै-ऑगस्टमधील एखाद्या रविवारी आपण दहा-बारा डॉक्टर एखाद्या निवासी शाळेत जातो. उंची, वजन, दात, डोळे, कान, हृदय असे एकेक टेबल मांडले जाते. तीनचारशे मुले चार तासांत तपासली जातात. कार्डे भरली जातात, जंतनाशकाच्या गोळ्या वाटल्या जातात, मुख्याध्यापक श्रीफळ देतात, छायाचित्र निघते आणि ते पुढच्या स्मरणिकेत छापले जाते. या श्रमांची मी अवहेलना करीत नाही. एखाद्या मुलाच्या हृदयातील दोष अशाच शिबिरात प्रथम कानी पडतो, एखादीचा चष्म्याचा नंबर कळतो. परंतु हे काम आता शासकीय यंत्रणाही करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाल्यापासून सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्यासाठी फिरती पथके नेमलेली आहेत. गुजरातमध्ये तर हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोग यांसारख्या व्याधी आढळल्यास पुढील उपचारांची सोयही त्याच कार्यक्रमातून होते. मग आपण रविवारी जे करतो, ते बहुतांशी दुसऱ्यांदा केलेले तेच काम ठरते.

माझे म्हणणे असे, की वसतिगृहातील मूल दगावते किंवा गंभीर होते, ते क्वचितच तपासणी न झाल्यामुळे. ते गंभीर होते दोन तपासण्यांच्या मधल्या एखाद्या रात्री, आणि त्या रात्री त्याच्याकडे पाहण्याचे काम कोणाचेच नसल्यामुळे. घरी मूल जेवताना अर्धी पोळी टाकते तेव्हाच आईच्या लक्षात येते. झोपेत कण्हले की आजी उठून कपाळाला हात लावते. वैद्यकशास्त्राचा पुष्कळसा भाग या कपाळावरच्या हातानंतर सुरू होतो. वसतिगृहात चाळीस मुलांमागे एक गृहपती असतो. त्याच्याकडे स्वयंपाकघराचा हिशेब असतो, दिवे मालविण्याची जबाबदारी असते आणि सकाळी पुन्हा शिकवायचेही असते. त्याला दोष देऊन काय साधणार? पाहण्याचे काम त्याला कोणी शिकविलेले नाही आणि त्यासाठी वेळही दिलेला नाही.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले तेव्हा त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना डॉक्टर. तेथे लक्ष्मीबाई होत्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. निरनिराळ्या जातींची ती मुले त्यांच्या पदराखाली वाढली, म्हणून ते वसतिगृह घर झाले. अशी माउली प्रत्येक संस्थेला लाभणे शक्य नाही आणि तशी अपेक्षा करून संस्था चालतही नाहीत. म्हणूनच जे तेथे मायेने होत होते, ते आज नेमणुकीने व नियमाने घडवून आणावे लागेल.

रात्रीचे महत्त्व मी का सांगतो, ते दोन-तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल. पावसाळ्यात आदिवासी पट्ट्यातील वसतिगृहांत मुले जमिनीवर अंथरुणे घालून झोपतात. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो. तो फारसा दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा व्रणही सापडत नाही. पहाटे मूल उठते ते पोट दुखते म्हणून. ‘काल काहीतरी खाल्ले असेल’ असे म्हणून त्याला ओवा दिला जातो. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि त्यानंतर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पावसाळी पहाटे पोट दुखणाऱ्या मुलाच्या पापण्या पाहाव्यात, इतके एक वाक्य गृहपतीला ठाऊक असले तर मूल प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचते. खाट आणि गादीखाली नीट खोवलेली मच्छरदाणी असली तर बहुधा ही वेळच येत नाही.

दुसरे उदाहरण दम्याचे. एका प्रतिष्ठित निवासी शाळेत तेरा वर्षांच्या एका मुलाला मध्यरात्री दम्याचा झटका आला. त्याचा इन्हेलर होता, परंतु ‘विद्यार्थ्यांनी औषधे स्वतःजवळ बाळगू नयेत’ या नियमानुसार तो कार्यालयातील कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ त्या रात्री गावी गेले होते. मुलाला पहाटे माझ्याकडे आणले तेव्हा त्याच्या तोंडून पूर्ण शब्दही उमटत नव्हता. सुदैवाने तो वाचला. यात निष्काळजीपणा कोणाचा, हे मी शोधीत बसलो नाही. शाळेने नियम चांगल्या हेतूनेच केला होता. दम्याचा इन्हेलर, मधुमेही मुलाची साखर आणि फेफऱ्याच्या रुग्णाचा नाकात मारण्याचा फवारा या तीन वस्तू कुलपात ठेवण्याच्या नसतात, एवढेच त्या नियमाला कोणी सांगितले नव्हते. इन्हेलर व साखर मुलाच्या खिशात असावी आणि फवारा शेजारच्या खोलीतील प्रशिक्षित व्यक्तीच्या हाती असावा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनातही औषध व खाऊ नेण्याची मुभा दिली. परीक्षेत जे चालते, ते शयनगृहात का चालू नये?

तिसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या पूर्व पट्ट्यात हा विकार किती आहे हे येथील डॉक्टरांना वेगळे सांगावयास नको. गुजरातने त्यासाठी २००६ साली स्वतंत्र कार्यक्रम आखला आणि २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. त्यामुळे मुलांच्या हाती तपासणीची कार्डे आली. परंतु ते कार्ड पेटीच्या तळाशी आणि मूल मैदानावर, अशी स्थिती असेल तर त्या कार्डाचा उपयोग काय? सिकलसेल असलेल्या मुलाला तासाला पाणी प्यायला जाऊ न देणे किंवा शिक्षा म्हणून उन्हात धावायला लावणे म्हणजे वेदनेच्या झटक्याला निमंत्रण देणे होय. त्याचा ताप हा ‘उद्या पाहू’ म्हणण्याचा ताप नसतो. रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकते ती बहुधा सुटीहून परतल्यावर, कारण गोळ्या घरी संपलेल्या असतात आणि वसतिगृहात त्या आणून देणे हे कोणाचे काम, ते ठरलेले नसते.

साथीच्या रोगांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. १९७८ च्या प्रारंभी इंग्लंडमधील मुलांच्या एका निवासी शाळेत फ्ल्यूची साथ आली. ७६३ मुलांपैकी ५१२ मुले दोन आठवड्यांत अंथरुणाला खिळली. ही आकडेवारी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापली आणि साथींचे गणित शिकविताना ती आजही वापरली जाते. एकाच भोजनगृहात जेवणारी आणि हातभर अंतरावर झोपणारी मुले रोगजंतूंच्या दृष्टीने एकच कुटुंब असतात. म्हणून वसतिगृहात उपचार एका मुलाचा करून भागत नाही. खरजेचेच पाहा. प्रथमच लागण झालेल्या मुलाला खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात तो शेजाऱ्यांना खरूज देत राहतो. आपण खाजविणाऱ्या एका मुलाला मलम देतो आणि महिन्याने तोच मुलगा पुन्हा येतो. संपूर्ण खोलीला एकाच रात्री मलम, दुसऱ्या दिवशी सर्वांची अंथरुणे-कपडे गरम पाण्यात, आणि आठवड्याने पुन्हा तेच, एवढी शिस्त पाळली तरच खरूज जाते. दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या मुलांच्या बोटांच्या बेचक्या पाहून वसतिगृहाचा कारभार कसा आहे, याचा अंदाज मला नेहमी येतो. लसीकरणाची नोंदही प्रवेशाच्या वेळीच तपासावयास हवी. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात मिळते, पण गालगुंड व कांजिण्यांची लस त्यात नाही, आणि या दोहोंच्या साथी वसतिगृहांतून फिरत असतात. दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची मात्रा तर घर व शाळा यांच्यामध्ये हमखास हरवते.

शरीराइतकेच मनाकडेही पाहिले पाहिजे. दहाव्या वर्षी शंभरातील सुमारे पाच मुलांचे अंथरूण रात्री ओले होते. घरी ही गोष्ट चार भिंतींत राहते. वसतिगृहात ती सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीने जाहीर होते. हा आजार आहे, त्यावर उपाय आहेत आणि त्यासाठी शिक्षा करणे क्रूर आहे, हे गृहपतीला सांगणारा कोणी हवा. दर सोमवारी पोट दुखणारे, पत्र किंवा फोन आला की जेवण टाकणारे मूल ‘नाटक करते’ असे म्हणण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यातील काही मुलांना खरेच घराची आठवण येत असते, काहींना वरच्या वर्गातील मुलांचा जाच असतो, आणि काहींच्या बाबतीत त्याहून भयंकर गोष्ट घडत असते. अशा प्रसंगी पोलिसांना वा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेच्या नावासाठी गप्प राहण्याची सवलत डॉक्टरांनाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे. निवासी शाळांनी तरी या बाबतीत चालढकल करू नये.

यावर शाळाचालकांचे उत्तर ठरलेले असते. ‘आमच्याकडे दर बुधवारी डॉक्टर येतात.’ आजार बुधवारची वाट पाहत नाही, हे एक. दुसरे असे, की हे डॉक्टर बहुधा मानद असतात. ‘मानद’ या शब्दात मान आहे, पण गैरहजेरीचा जाब विचारण्याची सोय नाही. शाळेने डॉक्टरांना माफक का होईना मानधन द्यावे आणि त्या बदल्यात कामाची लेखी यादी त्यांच्या हाती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांपेक्षाही अधिक गरज निवासी परिचारिकेची आहे. नवोदय विद्यालयांच्या मंजूर रचनेतच परिचारिकेचे पद आहे. सरकारी शाळेला जे आवश्यक वाटते, ते लाखांनी शुल्क घेणाऱ्या संस्थांना परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही. तरणतलाव आणि घोडेस्वारी यांची चित्रे ज्या माहितीपुस्तकात असतात, त्यात ‘रात्री आजारी मुलाजवळ कोण असेल’ याचेही उत्तर छापलेले असावे. पालकांनी प्रवेशापूर्वी तो प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.

‘वसतिगृहात मुले कणखर होतात, फार लाड नकोत’ असाही एक आक्षेप येतो. कणखरपणा मलाही हवा आहे. थंड पाण्याची आंघोळ, पहाटेची कवायत, स्वतःचे कपडे स्वतः धुणे यांनी मूल जरूर कणखर होते. फुटलेल्या कानाच्या पडद्यातून तीन महिने पू वाहू दिल्याने कोणी कणखर झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पालकांच्या पदरीही थोडे माप घालावे लागेल. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने फेफरे, दमा, अंथरूण ओले होणे या गोष्टी अर्जात लपविल्या जातात. ही भीती निराधार नसते, म्हणून शाळांनी आजाराच्या कारणावरून प्रवेश नाकारणार नाही असे आधी लिहून द्यावे. आपल्या व्यवसायानेही एका कागदाचा विचार करावा. मुलाकडे वर न पाहता ‘प्रकृती उत्तम, निवासी शाळेस योग्य’ असे जे प्रमाणपत्र सर्रास दिले जाते, त्याने मुलाचे, शाळेचे वा डॉक्टरचे रक्षण होत नाही. त्याऐवजी दोन पानांची आरोग्यनोंद द्यावी. त्यात जुने आजार, चालू औषधे व मात्रा, वर्ज्य औषधे, लसीकरण, सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष आणि ‘रात्री असे झाले तर प्रथम हे करा’ अशी चार ओळींची सूचना असावी.

आता आपल्या मंडळाने काय करावे, ते सुचवितो. शिबिरांची संख्या कमी करावी आणि शहराच्या परिसरातील पाच निवासी संस्था, त्यांत निदान दोन आश्रमशाळा, तीन वर्षांसाठी स्वीकाराव्यात. प्रत्येक संस्थेसाठी एका सदस्याचे नाव व दुसऱ्याचे पर्यायी नाव भिंतीवर दूरध्वनी क्रमांकासह लागावे. तो सदस्य महिन्यातून दोनदा जाईल, आजारखोलीची वही तपासील आणि स्वाक्षरी करील. ही वही रोज लिहिली जाईल. कोण आजारी, ताप किती, काय दिले, पालकांना केव्हा कळविले, एवढे चार रकाने पुरेत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी गृहपती, गृहमाता, स्वयंपाकी आणि रखवालदार यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे. रखवालदाराला मी मुद्दाम धरतो, कारण रात्री जागा असणारा बहुधा तोच एकटा असतो. तातडीच्या उपचारांसाठी पालकांची लेखी संमती वर्षारंभीच घेऊन ठेवावी. ती नसली तरी तातडीच्या रुग्णावर उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले आहे. परंतु संमतीच्या कागदावाचून रुग्णालयाच्या दारात जी मिनिटे वाया जातात, ती मुलाची असतात.

या कामात छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नाही, हे मी जाणून आहे. वही तपासणाऱ्या डॉक्टरला श्रीफळ मिळत नाही, आणि जे मूल आजारीच पडले नाही त्याचे आभारप्रदर्शन होत नाही. तरीही पुढील स्मरणिकेत शिबिरांच्या छायाचित्रांऐवजी पाच संस्थांच्या आजारखोल्यांतील वर्षभराच्या नोंदींचा गोषवारा छापून यावा, अशी माझी इच्छा आहे. त्यात कोणता महिना वाईट गेला, कोणत्या खोलीतील खरूज गेली आणि किती मुलांना वेळेत रुग्णालयात पोहोचविले, हे लिहिलेले असावे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी मांडणार आहे. पाच संस्थांसाठी दहा नावे हवी आहेत. पहिले नाव मी माझे देत आहे. उरलेली नऊ आपण द्यावीत, ही विनंती.